येथे बोलणं सरळ करून मिळेल

माझ्या आतेबहिणीला लांबण हे नाव शाळेत पडलं आणि तिने ते आपणहून ठेवून घेतलं. पाचवीत असताना नदीच्या अलीकडच्या शाळेत बाईंनी तिला कविता म्हणायला उभं केलं. तिने पहिली ओळ म्हटली, शेवटचं अक्षर आमच्या रीतीप्रमाणे ओढून वर नेलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अगं, किती लांबण लावतेस?" वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या संध्याकाळी घरी येऊन दप्तर टाकता टाकता ती आत्याला म्हणाली, "आजपासून मला लांबणच म्हणा. लोकांनी चिडवण्यापेक्षा आपणच म्हटलेलं बरं." आम्ही म्हणायला लागलो, ते आजतागायत.

आम्ही नदीपलीकडचे. मध्ये एवढासा पूल, पण तोंड उघडलं की पत्ता कळतो. शब्द तेच, व्याकरण तेच, फक्त आमचा हेल वेगळा. वाक्याचं शेवटचं अक्षर आम्ही लांबवतो आणि जरासं वर चढवतो. आमच्यातल्या कुणी "मी जेवलो" असं सांगितलं, तर अलीकडच्या माणसाला वाटतं, आपण जेवलो का हे हा मलाच विचारतोय. अलीकडे कुणाला चारचौघांत हशा पिकवायचा असला, की तो आमचा हेल काढतो. पलीकडचा माणूस म्हणजे ओझी उचलणारा, कपडे धुणारा आणि डोक्याने जरा मंद, हे तिकडे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

आत्याचं पुलाच्या तोंडाशीच कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे भट्टी, आणि त्याच्या मागे कपडे वाळवायची लांबलचक खोली. काका मालट्रकवर, आज इथे तर उद्या तिथे. दुकान आत्याच चालवायची. गिऱ्हाइकांपैकी निम्मे अलीकडचे. ते गेले की आत्या त्यांची हुबेहूब नक्कल करायची. "कॉलरवरचा डाग राहिलाय हं," हे वाक्य ती अशा काही सपाट, इस्त्री केलेल्या आवाजात म्हणायची, की गिऱ्हाईक परत आलं की काय म्हणून आम्ही दाराकडे बघायचो. या गुणाचं पुढे काही होईल असं मात्र तिच्यासकट कुणालाच वाटलं नव्हतं.

शिक्षण पुरं झाल्यावर लांबणला वीज कार्यालयाच्या तक्रार केंद्रात नोकरी लागली. काम फोनवरचं. वीज गेली, तार तुटली, मीटर धूर सोडतोय, अशा तक्रारी ऐकायच्या, दुरुस्तीवाल्यांना कळवायच्या आणि लोकांना धीर द्यायचा. कामात ती पटाईत होती. पण पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांना ती म्हणाली, "वीज संध्याकाळपर्यंत येईल," तर ते कडाडले, "ते मी तुम्हाला विचारतोय, तुम्ही मला काय विचारताय?" तिने पुन्हा सांगितलं. ते आणखी चिडले. शेजारच्या टेबलावरचे हसू दाबत बसले होते.

असं वारंवार व्हायला लागलं. शेवटी केंद्र सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, उगाच का खोटं बोला. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "तुझं काम चोख आहे. पण तू बोलतेस ना, ते ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. त्यांना वाटतं, हिलाच खात्री नाही."

"मला खात्री असते, बाई."

"मला माहीत आहे गं. पण फोनवर फक्त आवाज असतो. सध्या तू स्टोअरमध्ये बस. आणि बोलण्याचा एक वर्ग आहे, तिथे जा. सुधारलं की परत फोनवर."

स्टोअर म्हणजे तळघरातली खोली. जुने मीटर, वायरची भेंडोळी, गंजलेल्या पेट्या. तिथे आधीच दोघं बसलेले होते. एक दूरच्या डोंगराकडचा, तो श ला स म्हणायचा. दुसरी बाई परगावाहून लग्न होऊन आलेली, तिच्या बोलण्यात माहेरचा ठसका. दोघांनाही फोनवरूनच खाली पाठवलेलं. "ये," ती बाई लांबणला म्हणाली, "इथे खराब मीटर आणि खराब आवाज ठेवतात."

लांबण वर्गाला जायला लागली. तिथले सर दातांत बूच धरायला लावून वाक्यं म्हणून घ्यायचे. शेवटचं अक्षर वर गेलं की टेबलावर पट्टी आपटायचे. "खाली. खाली आण. वाक्य संपलं की संपलं." तिला ते जमेना, तेव्हा सर म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट. नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." ती हट्टाला पेटली. जाता-येता, भांडी घासताना, पुलावरून चालताना ती एकटीच सपाट वाक्यं म्हणायची. आणि एक दिवस तिला जमलं. सरांनी पट्टी खाली ठेवली आणि मान डोलावली.

त्या आनंदात तिने वर्गातूनच दुकानाच्या फोनवर फोन लावला. मी तेव्हा दुकानातच होतो. माझं शिवणकामाचं मशीन आत्याच्याच काउंटरच्या कोपऱ्यात असायचं, फाटकेतुटके कपडे तिथेच सांधून द्यायचो. आत्याने फोन उचलला, ऐकलं, कपाळाला आठी घातली. "कोण पाहिजे?" मग म्हणाली, "मी म्हणजे कोण? नाही हो बाई, राँग नंबर." आणि फोन ठेवून पुन्हा चादरीच्या घड्या घालायला लागली.

तासाभराने लांबण दुकानात आली. तोंड पार उतरलेलं.

"आई, मघाशी मी फोन केला होता."

"कधी? फोन कुठे आला? एका बाईचा राँग नंबर आला तेवढा."

"ती बाई मी होते."

आत्याच्या हातातली चादर तशीच राहिली. आधी ती हसली, मग हसता हसता थांबली. "मला आवाज कळला नाही?" असं तिने स्वतःलाच विचारलं. आमच्या हेलात ते विचारणं होतं की सांगणं, हे मलाही त्या वेळी कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून लांबणने वर्ग सोडला. स्टोअरमधली नोकरी सोडली नाही, कारण मोठ्या बाईंना सोडून जायचं नाही, त्यांना पटवायचं, असं तिने ठरवलं होतं. ते कसं, हे मात्र तिलाही माहीत नव्हतं. ते सुचलं आमच्या दुकानाच्या पाटीवरून. पाटीवर लिहिलं होतं, "येथे कपडे धुऊन, इस्त्री करून मिळतील." एका दुपारी ती पाटीकडे बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "येथे बोलणं सरळ करून मिळेल. कसं वाटतं नाव?"

"कशाचं नाव?"

"नाटकाचं."

नाटक तिने दुकानातच लिहिलं, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. गोष्ट सोपी होती. एक गाव आहे, तिथे सगळेच आमच्यासारखं हेल काढून बोलतात. न्यायाधीश, डॉक्टर, मास्तर, सगळे. त्या गावात एक सरळ बोलणारा माणूस नोकरीला येतो. त्याचं वाक्य शेवटी खाली पडतं, त्यामुळे लोकांना वाटतं, हा रागावलाय. "नमस्कार" म्हणाला तरी लोक विचारतात, "आमचं काय चुकलं?" शेवटी त्याला बोलण्याच्या वर्गाला पाठवतात, हेल शिकायला.

पलीकडची पोरं जमवायला वेळ लागला नाही. नर्सिंग शिकणारी माझी धाकटी बहीण आली. रोगी तिचं बोलणं ऐकून हसतात म्हणून तिला वॉर्डात बोलू नको असं सांगितलेलं. पुलावरचा रिक्षावाला आला. मला मास्तरचं काम मिळालं, बूच आणि पट्टीसकट. कपडे शिवायचे तेही माझ्याच गळ्यात. अडचण एकच होती. सरळ बोलणारा माणूस कुठून आणायचा? आमच्यातला कुणीही तोंड उघडलं की शेवट वर.

तक्रार केंद्रात एक तरुण होता, अलीकडचा. त्याचं बोलणं इतकं साफ की आम्ही त्याला गुळगुळीत म्हणायचो. लांबण फोनवर होती तेव्हा तिच्या शेजारीच बसायचा, आणि हसू दाबणाऱ्यांत तोही होता. तिने सरळ जाऊन त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मला अभिनय येत नाही."

"तुला काही करायचं नाही. तू फक्त बोल, हसायचं काम आमचं."

का कोण जाणे, तो आला. तालमी वाळवणाच्या खोलीत व्हायच्या. दोऱ्यांवर लटकलेल्या चादरी म्हणजे आमच्या विंगा. पहिल्या दिवशी गुळगुळीत ऐटीत उभा होता. त्याने वाक्य म्हणायचं आणि आम्ही सगळ्यांनी हसायचं, असं तालीमभर चाललं. संपल्यावर तो चादरीआड जाऊन बसला. लांबण पाणी घेऊन गेली.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "नाटक आहे हे मला माहीत आहे. तुम्ही खोटं हसताय हेही माहीत आहे. तरी शेवटी शेवटी मला तोंड उघडायलाच नको वाटायला लागलं." पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "तुला रोज असं व्हायचं?"

"रोज."

त्यानंतर तो एकही तालीम चुकला नाही. उलट वाक्यांत दुरुस्त्या सुचवायला लागला. इथे आणखी हसा, असं तोच म्हणायचा.

नाटकातला शेवटचा प्रसंग कुठला, हे सांगायला नकोच. सरळ माणूस हेल शिकतो, आनंदाने आईला फोन लावतो, आणि आई त्याला ओळखत नाही. त्या आईचं काम लांबणने आत्याला दिलं. आत्या आधी म्हणाली, "या वयात मला नाचवू नका." मग सरळ आवाजात वाक्य म्हणून दाखवलं, तर गुळगुळीत हबकून म्हणाला, "अहो आत्या, तुम्ही अगदी माझ्या आईसारख्या बोलता." आत्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी एका शर्टाला तिने दोनदा इस्त्री केली.

नगर सभागृहात दरवर्षी तरुणांची नाट्यस्पर्धा व्हायची. आम्ही नाव दिलं. निवड समितीचे अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी तालीम पाहिली, मनापासून हसले आणि म्हणाले, "कल्पना झकास आहे. फक्त बाकीच्या पात्रांची भाषा जरा शुद्ध करून घ्या, की घेतलंच समजा."

लांबण म्हणाली, "सर, ती शुद्ध केली तर नाटकात हसायचं कोणावर?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाजूच्या सदस्याकडे बघितलं. तो हसू लपवायला खोकत राहिला. "ठीक आहे," प्राध्यापक म्हणाले. "आहे तसं करा. पण जेवणानंतरची वेळ मिळेल. त्या वेळी सभागृह पेंगतं, आधीच सांगून ठेवतो."

"जागं करू," लांबण म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पुढे अलीकडचे, मागे पुलावरून चालत आलेले आमचे लोक. तिसऱ्या रांगेत तक्रार केंद्रातली मंडळी, मध्यभागी मोठ्या बाई. त्यांना गुळगुळीतने आणलं होतं, कशाचं नाटक ते न सांगता. तळघरातले दोघंही आले होते.

पडदा उघडला. न्यायाधीशाच्या झग्यात लांबण उभी. तिने पहिलं वाक्य म्हटलं, शेवटचं अक्षर वर नेलं, आणि पुढचं सगळं सभागृह फिसकन हसलं. विनोदावर नव्हे, तिच्या बोलण्यावर. विंगेत मी हातातली पट्टी घट्ट धरली. मागच्या रांगांतले आमचे लोक खाली बघायला लागले. लांबण हलली नाही. तिने हसू पुरतं संपू दिलं. मग तेच वाक्य, तोच हेल, पण इतक्या निवांतपणे पुन्हा म्हटलं, की या वेळी हसण्याआधी लोकांनी क्षणभर विचार केला. तिसऱ्यांदा म्हणायची वेळच आली नाही. तेवढ्यात गुळगुळीत आत आला आणि म्हणाला, "नमस्कार." रंगमंचावरचे सगळे दचकून मागे सरले. रिक्षावाला हात जोडून म्हणाला, "साहेब, आमचं काय चुकलं?"

मागून हशा उसळला. मग मधून. मग पुढूनही. अर्ध्या तासात सभागृहाचा कान असा फिरला, की गुळगुळीत तोंड उघडायचा आणि लोकांना त्याचंच बोलणं विचित्र वाटायचं. पुढच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणताना मी ऐकलं, "किती तोडून बोलतो हा." ती स्वतः अगदी तशीच बोलत होती.

एका प्रसंगात तो न्यायाधीशाला विचारतो, "तुम्ही वाक्याचा शेवट वर का नेता?" लांबणचं उत्तर होतं, "खाली आणलं की दार बंद होतं. आम्ही उघडं ठेवतो. पुढचं तुम्ही बोलायचं असतं." या वाक्याला टाळी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आली, आणि मागून नाही, पुढून आली.

मग फोनचा प्रसंग. एका बाजूला गुळगुळीत, एका बाजूला आत्या, मध्ये अंधार. तो हेल काढून म्हणाला, "आई, मी बोलतोय." आत्याने सपाट, घडी मोडू न दिलेल्या आवाजात विचारलं, "कोण पाहिजे?" सभागृह हसलं. "आई, मीच." "मी कोण?" पुन्हा हशा, पण कमी. आता आत्याने राँग नंबर म्हणून फोन ठेवायचा आणि अंधार व्हायचा.

आत्याने फोन ठेवला नाही. कानाला धरून ती नुसती उभी राहिली. मला वाटलं, वाक्य विसरली. विंगेतून मी पुटपुटलो, "राँग नंबर, राँग नंबर." तिने ऐकलं असणार, कारण तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. समोरच्या विंगेत लांबणने तोंडावर हात ठेवला होता.

आणि आत्या बोलली. अलीकडच्या आवाजात नाही, स्वतःच्या आवाजात, आमच्या हेलात. "बोल रे बाळा. तू कसाही बोललास तरी ऐकतेय मी. एकदा चुकले, आता नाही ठेवायची फोन."

गुळगुळीतजवळ पुढचं वाक्यच नव्हतं, आत्याने सगळं नाटकच बदलून टाकलं होतं. त्याने एकदा लांबणकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते, तरी तिने हातानेच खूण केली, बोल. त्याने हेल सोडला आणि आपल्या स्वतःच्या साध्या, सरळ बोलीत म्हणाला, "आई, घरी येतोय. आणि इथले काही मित्र आणतोय. ते कसे बोलतात, ते तुला ऐकवायचंय." पडदा ओढणाऱ्याला काय करावं कळेना. मी धावत जाऊन ओढला.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. पडदा पुन्हा उघडला तेव्हा लोक उभे होते, आधी मागचे, मग सगळेच. आत्या वाकून नमस्कार करायचं विसरली आणि हातातला फोन तसाच धरून उभी राहिली. पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. ते देताना प्राध्यापक लांबणला माईकवर म्हणाले, "भाषा शुद्ध करा असं मी या मुलीला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही, हे चांगलं झालं, सर्वांच्या साक्षीने सांगतो."

सोमवारी मोठ्या बाई स्वतः तळघरात उतरल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, असं म्हणतात. वायरच्या भेंडोळ्यावरून पाय टाकत आल्या आणि लांबणला म्हणाल्या, "आजपासून फोनवर बस."

"हे दोघंपण?"

बाईंनी दोघांकडे बघितलं. "हे दोघंपण."

"आणि यापुढे कुणी आलं तर? बोलण्यावरून त्याला खाली नाही ना पाठवणार?"

बाईंनी पायाशी आलेला एक जुना मीटर बाजूला सारला. मग म्हणाल्या, "नाही पाठवणार. आणि कुणी गिऱ्हाईक ओरडलं, तर फोन माझ्याकडे दे. मी बोलते त्याच्याशी." त्यांनी तो शब्द पाळला. पहिल्याच महिन्यात एका मोठ्या व्यापाऱ्याशी त्यांचं यावरून फोनवर असं वाजलं, की सगळं केंद्र काम थांबवून ऐकत बसलं. आणि आणखी एक गंमत झाली. इतके दिवस पलीकडचे लोक वीज गेली तरी तक्रार करत नसत, कारण फोनवर आपली नक्कल होते हे त्यांना ठाऊक होतं. आता ते धडाधड फोन करायला लागले. कुठल्या गल्लीत तारा कधीपासून लोंबतायत हे कार्यालयाला तेव्हा कळलं.

नाटक तिथे संपलं नाही. शाळांनी बोलावलं, रुग्णालयाने बोलावलं, जिथे माझी बहीण आता वॉर्डात मोठ्याने बोलते. डोंगराकडच्या मुलांनी स्वतःचं नाटक लिहिलं, त्यात श कुणालाच म्हणता येत नाही आणि राजाला म्हणता येतो म्हणून त्याला गादीवरून उतरवतात. परगावाहून आलेल्या सुनांनी एक केलं, ते तर आमच्यापेक्षा जास्त चाललं. लांबण सगळ्यांच्या तालमींना जाते, कोपऱ्यात बसते, आणि कुणी लाजून शेवट खाली आणला की म्हणते, "तुझा आहे तो हेल. लपवू नकोस, चढव." गुळगुळीत आता तिचा नवरा आहे, हे सांगायचं राहिलंच. लग्नात त्याच्या आईने आणि आत्याने एकमेकींच्या आवाजात भाषणं केली आणि कोण कुणाची आई याचा पाहुण्यांचा पार गोंधळ उडाला.

गेल्या महिन्यात लांबणने नवं नाटक वाचून दाखवलं. वाचन झाल्यावर सगळे कौतुक करत होते, फक्त आत्या इस्त्री बाजूला ठेवून गंभीर चेहऱ्याने बसली होती.

"काय गं आई, आवडलं नाही?"

"आवडलं," आत्या म्हणाली. "पण मला यात तीनच वाक्यं आहेत. माझी गिऱ्हाइकं तिकीट काढून येतात. त्यांना तोंड काय दाखवू? वाढव."

लांबणने वाढवलं. आता तालमीच्या दिवशी दुकान दुपारनंतर बंद असतं, आणि कपडे न्यायला आलेले लोक बाहेर कट्ट्यावर बसून आतून येणारं आत्याचं भाषण ऐकतात.